मायक्रोस्कोपने केलेलं रूट कॅनाल खरंच वेगळं असतं का, की नुसते पैसे जास्त?

तुम्ही लिहिलंय की सांगलीत एका दवाखान्यात साधं रूट कॅनाल सांगितलं, दुसरीकडं मायक्रोस्कोपवालं, आणि पैशात बराच फरक, मग हे खरं की बिल फुगवायचा प्रकार. मी डॉक्टर नाही हो, मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशोबाला असतो, पण एकाच दाढेचं दोन्ही प्रकारे करून बसलोय म्हणून लिहितो.

माझी वरची डावी, पहिली मोठी दाढ. आधी साधं रूट कॅनाल झालेलं, कॅप बसवलेली, दोन वर्षं काही त्रास नाही. मग भडंग खाताना त्या बाजूला ठणका बसायला लागला आणि हिरडीवर एक पुळी यायची, फुटायची, परत यायची. आई म्हणे काढून टाक की एकदाची, आणि बाकी सगळे म्हणे मिरजेला जा (आमच्याकडं काहीही झालं तरी मिरजेला जा). गेलो. तिथं थ्रीडी स्कॅन काढला तर दाढेला कॅनाल (मुळातल्या नसेच्या बारीक नळ्या) चार आणि भरलेले तीनच, चौथ्यात घाण तशीच राहिलेली.

पहिल्या डॉक्टरांना मनात भरपूर शिव्या दिल्या, पण नंतर कळलं की ही चूक होण्यासारखीच आहे. या दाढेला मुळं तीन असतात पण गालाकडच्या पुढच्या मुळात बऱ्याचदा दोन कॅनाल निघतात, आणि दुसऱ्याचं तोंड बारीक, त्यावर दाताचाच पातळ थर चढलेला, नुसत्या डोळ्यांनी सापडणं अवघडच. डॉक्टर चष्म्याला भिंग लावतात त्यात साधारण अडीच ते सहा पट मोठं दिसतं, मायक्रोस्कोपमधे वीस पटीच्या पुढं जाता येतं. आणि त्याचा उजेड नजरेच्या रेषेतच पडतो त्यामुळं आत सावली येत नाही, मला विचाराल तर अर्धं काम त्या उजेडाचंच.

मिरजेच्या मायक्रोस्कोपला कॅमेरा होता, नंतर फोटो दाखवले. दाढेचा तळ पिवळसर, जुन्या भरणीचे तीन गुलाबी ठिपके, आणि एका ठिपक्यातून निघालेली काळपट रेघ जाऊन एका पांढऱ्या कणापाशी थांबलेली. तिथं चौथा. त्यात घातलेली पहिली फाइल (कॅनाल साफ करायची सुईसारखी बारीक कानस) आठ नंबरची, म्हणजे टोकाला ०.०८ मिलिमीटर, ती आत रुतली तेव्हा डॉक्टर स्वतःशीच "आहे आहे" म्हणाले, मी तोंडावर रबराचा पडदा लावून आडवा, बोलायची सोय नाही.

त्रासाचं म्हणाल तर इंजेक्शन तेच, दुखणं तेवढंच, उलट वेळ जास्त जातो. दोन सिटिंग, एकेक दीड तासाची, जबडा असा आखडला की संध्याकाळी भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. पैसे साध्याच्या जवळजवळ दुप्पट गेले, त्यात जुनी कॅप कापून काढायची आणि परत नवीन करायची ते वेगळंच.

आणि हे मशीन म्हणजे जादू नाही. मूळ वाकडं असेल तर वळणाच्या पलीकडचं त्यातून पण दिसत नाही, तिथं एक्सरे, लांबी मोजायचं यंत्र आणि हाताचा अंदाज. पुढचा दात असेल तर बहुतेक वेळा एकच सरळ कॅनाल असतो, त्याला मी तरी जादा पैसे घातले नसते. वरची मोठी दाढ असेल, आधी केलेलं फसलं असेल, किंवा आत फाइलचा तुकडा मोडून राहिला असेल तर मात्र घासाघीस करू नका.

डॉक्टर एंडोडॉन्टिक्समधे (म्हणजे रूट कॅनालच्याच शाखेत) एमडीएस आहेत का आणि रबराचा पडदा लावतात का हे मायक्रोस्कोपच्याही आधी विचारा, पडदा नसेल तर थुंकी परत आत जाते आणि मग वीस पट मोठं बघून काय करायचं. तुमची दाढ वरची की खालची ते लिहिलं नाहीत, ते सांगा आधी.