टीव्हीवर मदतीचं आवाहन लागलं की लोक चॅनेल का बदलतात? अशा ठिकाणी पैसे द्यावेत का?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की आजारी किंवा अपंग मुलाचं आवाहन लागलं की तुमच्या घरात सगळे गप्प होतात, मग कुणीतरी रिमोट उचलतं. आपली माणसं निर्ढावलीत का, असं तुम्ही विचारलंय. मला तसं अजिबात वाटत नाही. अशा एका आवाहनात मी स्वतः होते, पडद्याच्या आतल्या बाजूला. म्हणून लिहायला बसले, आणि हे लांबणार आहे.

1996 सालची गोष्ट. मी 12 वर्षांची होते. आमचं गाव आटपाडी तालुक्यातलं, जमीन कोरडवाहू. दीड वर्षाची असताना पोलिओचा ताप आला आणि उजव्या पायातली ताकद गेली. पल्स पोलिओची मोहीम देशभर सुरू झाली 1995 मध्ये, म्हणजे माझ्यासाठी दहा वर्षं उशिरा. पण मी चालत होते, हे नीट लक्षात घ्या. सात वर्षांची असताना अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, मला मिरजेला नेऊन कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणारा सांगाडा, करून घेतला होता. तिथल्या कारागिरानं तपकिरी कागद जमिनीवर पसरला, त्यावर माझा पाय ठेवला आणि पेन्सिलीनं कडेकडेनं रेघ ओढली. मांडीपासून टाचेपर्यंत दोन लोखंडी पट्ट्या, चामड्याचे पट्टे, खाली जोडलेला बूट. गुडघ्याशी दोन कड्या. उभं राहिलं की त्या खाली सरकवायच्या, खट्ट आवाज यायचा आणि पाय सरळ उभा राहायचा. बसताना परत वर. पाय वाढला की कॅलिपर नवा करावा लागतो किंवा वाढवावा लागतो. 1996 मधला माझा तिसरा होता. साडेसातशे रुपये पडले होते, त्यासाठी दोन शेळ्या विकल्या होत्या. शाळा दीड किलोमीटरवर. मी रोज चालत जायचे आणि चालत यायचे.

त्या वर्षी एक संस्था आली. नाव सांगत नाही. जीपमधून तिघं उतरले. कॅमेरावाला, हातात वही घेतलेल्या एक ताई आणि संस्थेचे एक कार्यकर्ते. आधी त्यांनी मला शाळेच्या वाटेवर चालताना टिपलं. ताई म्हणाल्या, "किती छान चालते ही." मला फार बरं वाटलं होतं. मग कार्यकर्ते त्यांना बाजूला घेऊन काहीतरी बोलले, आणि परत येऊन त्या माझ्यासमोर उकिडव्या बसल्या. "बाळ, हे जरा काढून ठेवशील का? असं दाखवलं तर लोकांना वाटेल हिला कसलीच गरज नाही."

आईनं पट्टे सोडले. मग त्या लोकांनी मला उंबऱ्यापासून अंगणाच्या दुसऱ्या टोकापर्यंत रांगत जायला सांगितलं. खोटं सांगणार नाही, रात्री घरात मी रांगायचे, तेवढ्यासाठी कोण कॅलिपर चढवणार? पण दिवसाउजेडी, अंगणात, परक्यांसमोर मी कधी रांगले नव्हते. पहिल्या वेळी कोंबड्या आडव्या आल्या. दुसऱ्या वेळी धाकटा भाऊ हसला म्हणून मीही हसले. "हसायचं नाही हं," कार्यकर्ते म्हणाले. तिसऱ्या वेळी त्यांना हवं तसं झालं. तोवर तळहाताला अंगणातलं सगळं शेण लागलं होतं.

दिवाळीच्या आसपास ते टीव्हीवर लागलं. सरपंचांच्या घरी अर्धं गाव जमलं होतं. आवाज एका बाईंचा होता, गोड. हिच्या आईवडिलांची ऐपत नाही, हिला पायावर उभं करायला तुमची साथ हवी, अशा अर्थाचं बोलणं. अण्णा दाराजवळ उभे होते. संपायच्या आत ते निघून गेले. त्यावर ते घरात कधीच बोलले नाहीत, 2011 मध्ये गेले तोपर्यंत.

शाळेत मला कुणी चिडवलं नाही, तुम्हाला तसं वाटलं असेल तर. झालं ते वेगळंच. सहा वर्षं मी सगळ्यांबरोबर रांगेत उभी राहून राष्ट्रगीत म्हणायचे. त्या आठवड्यात गुरुजी म्हणाले, "तू बस गं, तुला त्रास नको." ज्या माणसानं मला सहा वर्षं उभं पाहिलं होतं, त्यानंही टीव्हीवरचं खरं मानलं.

आता दुसरी बाजू, कारण ती लपवली तर मी त्या कार्यकर्त्यांसारखीच होईन. पैसे आले. मला तीनचाकी सायकल मिळाली. ती ओढ्यातून जात नव्हती म्हणून आईनं तिच्यावर जळण रचलं. पण आठवीपासून बारावीपर्यंत सांगलीतलं वसतिगृह आणि फी त्याच संस्थेनं भरली. मी बी.कॉम. झाले ते त्या पायावर. माझा थोरला भाऊ दरवर्षी भाऊबीजेला हेच ऐकवतो. "दोन मिनिटं रांगलीस आणि पाच वर्षं शिकलीस. काय बिघडलं?"

दादाला कधी नीट उत्तर देता आलं नाही. पुढं वाचायला लागले तेव्हा कळलं की हे भांडण आमच्याच घरातलं नाही. अमेरिकेत जेरी लुईस हा नट 1966 पासून 2010 पर्यंत दर सप्टेंबरला स्नायूंच्या आजारासाठी टीव्हीवर तासन्‌तास निधी गोळा करायचा. 1990 मध्ये त्यानं एका मासिकात, मला हा आजार असता तर, अशी कल्पना करून लिहिलं, आणि व्हीलचेअरमधल्या आयुष्याला अर्ध्या माणसाचं आयुष्य म्हटलं. त्याविरुद्ध माइक अर्विन आणि क्रिस मॅथ्यूज ही भावंडं उभी राहिली. ज्या संस्थेसाठी तो निधी जमवायचा, दोघंही लहानपणी तिच्याच पोस्टरवरची मुलं होती. तिथं निदान भाऊ बहिणीच्या बाजूनं होता. लंडनमध्ये 1990 आणि 1992 मध्ये आयटीव्ही या ब्रिटिश वाहिनीच्या अशाच कार्यक्रमाच्या वेळी अपंग माणसांनी स्टुडिओबाहेर निदर्शनं केली. कीव नको, हक्क द्या, हे त्यांचं म्हणणं. 1992 नंतर तो कार्यक्रम झालाच नाही. हे मी पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. 1992 मध्ये मी आठ वर्षांची होते, आणि इतक्या लांब मोठी माणसं माझं म्हणणं रस्त्यावर उभी राहून मांडत होती.

संस्थांना एकच मूल, एकच रडका चेहरा का लागतो, त्यालाही कारण आहे. 2007 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. लोकांना पाच डॉलर दिले आणि त्यातले हवे तेवढे दान करा म्हटलं. मालीतल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीचा फोटो दाखवला तर सरासरी 2.38 डॉलर आले. लाखो लोक उपाशी आहेत, असे आकडे दिले तर 1.14. आणि रोकियाबरोबर आकडेही सांगितले तर 1.43. म्हणजे माणूस विचार करायला लागला की हात आखडतो. आवाहन करणाऱ्यांना हे पक्कं माहीत असतं. कॅलिपर हा विचार करायला लावणारा पुरावा होता. हिच्या बापानं काहीतरी केलंय, ही चालते, मग नेमकं काय कमी पडतंय, असा प्रश्न तो उभा करत होता. म्हणून तो काढायला लावला.

तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. लोक चॅनेल बदलतात कारण आपल्याला मुद्दाम रडवलं जातंय हे त्यांना कळतं. आधी अपराधी वाटतं, मग राग येतो, आणि राग काढायला हातात रिमोट असतो. हीच माणसं दुसरीकडे देतात. 'लोकसत्ता' दर गणेशोत्सवात 'सर्वकार्येषु सर्वदा' या उपक्रमातून निवडक संस्थांची ओळख छापतो. काम काय, अडचण कुठली, पैसे कशाला हवेत, हे सरळ लिहिलेलं असतं आणि वाचक धनादेश पाठवतात. आमच्या ऑफिसातले एक निवृत्त मास्तर दरवर्षी ते कात्रण घेऊन माझ्याकडे येतात आणि कुणाला द्यावं ते विचारतात. ऑगस्ट 2019 च्या महापुरात सांगली-कोल्हापुरात मदतीचे ट्रक इतके आले की गल्लीत उभे करायला जागा नव्हती. त्यातले जुने कपडे चौकात ढीग लागून कुजले, तो भाग वेगळा. पण देणारे निर्ढावलेले नव्हते.

टीव्हीवर चांगलं होऊ शकत नाही असंही नाही. 2012 मध्ये 'सत्यमेव जयते'चा अपंगत्वावरचा भाग लागला तेव्हा मी मुद्दाम बसून पाहिला. अपंग माणसं खुर्चीत बसून स्वतःविषयी स्वतः बोलत होती. दर भागात एका संस्थेला देणगी द्यायची सोय होती आणि पैसे आले. कुणाला जमिनीवर रांगायला लावावं लागलं नाही. संस्थावाले "दुसरा मार्गच नसतो" म्हणतात तेव्हा मी हे उदाहरण देते.

पैसे द्यावेत का? मी गेली अठरा वर्षं सांगलीत एका चार्टर्ड अकाउंटंटच्या ऑफिसात आहे, विश्वस्त संस्थांचे हिशेब बघते. नोंदणी क्रमांक, धर्मादाय आयुक्तांकडे दाखल केलेले हिशेब, प्राप्तिकरात वजावट मिळवून देणारी 80जी ची पावती हे तुम्ही मागालच. दोन हजारांवर रोख देऊ नका, वजावट मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीत ती तशीही नाही, तरी पावती घ्याच. पण ज्या संस्थेचा प्रशासकीय खर्च कमी ती चांगली, हे सगळे पाठ केल्यासारखं म्हणतात ना, ते मला साफ नामंजूर आहे. फिजिओथेरपिस्टचा पगार कितीदा त्याच रकान्यात घातलेला असतो. संस्थेला फोन करा आणि एवढंच विचारा की मागच्या वर्षी वाटलेल्या कॅलिपरचे पट्टे तुटले तर दुरुस्ती कोण करतं? ज्यांच्याकडे कारागीर आहे ते लगेच सांगतात. ज्यांच्याकडे फक्त वाटपाच्या समारंभाचे फोटो आहेत ते दुसऱ्याच माणसाला फोन देतात. दुसरा प्रश्न, ज्या मुलाला दाखवलंय त्यानं स्वतः ती फिल्म लागायच्या आधी पाहिली होती का? त्यानं नको म्हटलं असतं तरी फी भरली असती का? मला हे कुणी विचारलं नव्हतं. आईवडिलांचा अंगठा घेतला म्हणजे माझा होकार झाला नाही.

हे सगळं मी ठरवून केलेल्या आवाहनांविषयी बोलतेय. भूकंप, पूर, तिथं वेळ नसतो, तिथं द्या, मीही देते. आणि बाळाच्या ऑपरेशनसाठी मोबाइलसमोर हात जोडणाऱ्या आईला मी नावं ठेवणार नाही, कधीच नाही. तिला जमलं तर एवढं सांगा की महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. दारात जाऊन ते मागावं लागतं, कुणी आपण होऊन सांगत नाही. माझ्या माहितीतल्या दोघांचं काम त्यावर झालंय, आवाहन न करता.

दादाचं राहिलं. संस्थेनं तेव्हा त्या फिल्मची एक कॅसेट आम्हाला दिली होती. घरात व्हीसीआर नव्हता, ती ट्रंकेत पडून होती. गेल्या भाऊबीजेला दादानं ती पेनड्राइव्हवर करून आणली, मुलांना दाखवायला. मला पाहायचं नव्हतं, पण उठून गेले नाही. माझी मुलगी दहा वर्षांची आहे. मी रांगत पुढं आले तेव्हा ती म्हणाली, "आई, ते तुझं आहे ना?" आम्ही पाहिलं. पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात, तुळशीला टेकवून ठेवलेला कॅलिपर होता, बुटासकट. कॅमेरावाल्याच्या नजरेतून सुटलेला. दादानं मागं नेऊन परत लावलं. परत एकदा लावलं. मग थांबवून ठेवलं आणि बराच वेळ बघत राहिला.

"शेळ्या मीच हाकत नेल्या होत्या आटपाडीच्या बाजाराला," तो म्हणाला.