नगरोट्याच्या टोलनाक्यावर २०२० मध्ये काय झालं आणि अशा चकमकीनंतर पुढं काय होतं?
तुमचे काका निपाणीहून ट्रक घेऊन जम्मूला जातात म्हणून विचारलंय, तर आधी घटना सांगतो. १९ नोव्हेंबर २०२०, पहाटे पाचच्या सुमारास जम्मू-श्रीनगर हायवेवर नगरोट्याच्या बन टोलनाक्याला चेकिंगसाठी ट्रक अडवला, ड्रायव्हर उतरून पळाला आणि आत लपलेल्यांनी फायरिंग चालू केलं, मग काही तास चकमक, चारही अतिरेकी मेले, दोन पोलीस जखमी. ट्रकमधून ११ एके रायफली निघाल्या! तीनच दिवसांनी सांबा भागात बॉर्डरखालून खणलेलं भुयार सापडलं, त्यातूनच ते आले असं सांगितलं गेलं. त्याच नाक्यावर त्याच वर्षी ३१ जानेवारीलाही चकमक झालेली, तेव्हाही ट्रकच.

बेळगावात मराठा लाईट इन्फंट्रीचं सेंटर, त्यामुळं आपल्याकडं या बातम्या कान देऊन ऐकतात, पण नंतरचं कोण विचारत नाही. सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्ये सांगितलंय, पोलीस चकमकीत माणूस मेला की एफआयआर झालाच पाहिजे, तपास सीआयडीनं नाहीतर दुसऱ्या ठाण्याच्या टीमनं करायचा, वर मॅजिस्ट्रेट चौकशी. मेलेला कोणीही असू दे. मला हे एकदम बरोबर वाटतं, कारण खऱ्या चकमकीत जीव धोक्यात घालणाऱ्या पोलिसांवर त्यामुळंच कोणी शंका घेऊ शकत नाही.

काकांना एवढं सांगा, वाटेत अनोळखी माणूस केबिनमध्ये घ्यायचा नाही, बिल्टी (मालाची पावती) आणि गाडीची कागदं हाताशी ठेवायची, आणि गोळ्यांचा आवाज आला तर खाली वाकून बसायचं, मोबाईल काढून शूटिंग अजिबात नको.