जुन्या बॅटऱ्या परत आणताना वजन का तुटतं

तुमची पोस्ट वाचली. बार्शी, मंगळवेढा, पंढरपूरच्या दुकानांतून एक्सचेंजमधल्या इन्व्हर्टर बॅटऱ्या सोलापूरच्या गोडाउनात येतात, नग बरोबर भरतात, वजन मात्र दर खेपेला कमी. अगदी हेच दुखणं आमचं होतं. गाडी, भाडं, गोडाउन हे तुम्हाला कळतंच, ते सोडून देतो.

दुकानदाराचा हिशोब नगावर, जुन्या बॅटऱ्यांतलं शिसं काढणाऱ्या रिसायकलरचा किलोवर. मधली तूट तुमच्या खिशातून जाते. १५० एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे क्षमतेचं माप) ट्युब्युलर इन्व्हर्टर बॅटरी ॲसिडसकट साधारण ५० ते ५५ किलो भरते (कंपनीप्रमाणे थोडं पुढेमागे), त्यातलं १५ ते २० किलो नुसतं ॲसिड. वापरात पाणी उडालं की वजन घटतं, शिसं मात्र तेवढंच राहतं. उलट दुकानातल्या पोराने वरून नळाचं पाणी ओतलं की काटा खूश! शिवाय १५० च्या नावाखाली १०० एएचचा डबा सरकवणारेही आहेतच.

म्हणून मोजणी दुकानातच करायची. झाकणं उघडून सहाही खान्यांची पातळी बघा, मग नगवार वजन, मॉडेल आणि सिरियल नंबर चलानावर लिहा. सही तिथल्या तिथे घ्या, नंतर फोनवर कोणी मान्य करत नाही. दर दोन ठेवा, भरलेल्या बॅटरीचा वेगळा आणि कोरड्याचा वेगळा. सोबत शिक्का मारलेलं २० किलोचं वजन ठेवा आणि काटा आधी त्यावर तपासा.

आमचा सगळ्यात महाग पडलेला मूर्खपणा म्हणजे भाडं वाचावं म्हणून दुकानदारांना ‘ॲसिड काढून ठेवा’ असं सांगणं. ते गेलं गटारात. त्या ॲसिडमध्ये शिसं असतं, तक्रार झाली की माल राहतो बाजूला आणि तुम्हीच उत्तरं देत बसता. वर कोरड्या मालात कुठल्या डब्यात किती प्लेटा शिल्लक आहेत हे बाहेरून कळतही नाही. नंतर एका कार्यालयात विचारायला गेलो तर प्रत्येक टेबलावर वेगळं उत्तर, आणि २०२२ चे बॅटरी कचरा नियम येऊनही समोर ठेवला २००१ च्या नियमांचा फॉर्म. असो. रिसायकलरची नोंदणी चालू आहे ना, एवढं स्वतः बघून घ्या. ‘ओळखीचा आहे’ यावर जाऊ नका.

‘रिकामा टेम्पो येतोच आहे, त्यातच टाकू’ हा बेत कागदावर छान दिसतो. पण माल उतरवायला आलेला ड्रायव्हर दहा मिनिटांत निघायच्या घाईत असतो, तो झाकणं कशाला उघडेल? माझं मत, बाकीच्यांचं वेगळं असेल: दुकानात दहा-बारा नग साठले की स्वतंत्र फेरी, मोजणारा माणूस सोबत. सोलापूर–मंगळवेढा–पंढरपूर–मोहोळ–सोलापूर असा गोल जमतो, बार्शी वेगळ्या दिवशी. आषाढीच्या आठवड्यात पंढरपूर धरूच नका. मार्च ते मे नवीन विक्री जोरात, म्हणून जुन्या बॅटऱ्याही तेव्हाच येतात. गोडाउनातली जागा त्या तीन महिन्यांच्या हिशोबाने ठेवा, वर्षाच्या सरासरीने नाही. शिशाचा भाव हलतो, त्यामुळे एक्सचेंजचा दर महिनाभर बांधून घेऊ नका.

गाडीत बॅटऱ्या उभ्याच ठेवायच्या, झाकणं लावलेली, टर्मिनलवर टेप, दोन थरांमध्ये प्लायवूड. आणि केबिनमध्ये खाण्याच्या सोड्याची पाच किलोची पिशवी, ॲसिड सांडलं की लगेच त्यावर टाकायला.