दिवा सुरू, तरी पदपथ अंधारात

प्रश्न : पुण्यात आमच्या एरंडवण्यातील रस्त्यावर वडाची जुनी झाडे आहेत. इंटरनेटला जोडलेले नवे एलईडी दिवे बसल्यापासून रस्ता लख्ख दिसतो, पण पदपथावर दोन खांबांच्या मधे काळोखच असतो. गेल्या महिन्यात सासूबाई तेथे ठेचकाळून पडल्या. तक्रार केली, तर ‘आमच्या संगणकावर तो दिवा सुरू दिसतो’ एवढेच उत्तर मिळाले. ही यंत्रणा चुकीची माहिती देते का?

उत्तर : सासूबाईंना आता बरे असेल, अशी आशा करतो. यंत्रणेने दिलेली माहिती बहुधा बरोबरच असावी. अडचण आहे ती माहिती अपुरी असण्याची. अशा दिव्याच्या माथ्यावर अनेकदा टोपणासारखी एक डबी बसवलेली असते, तिला नियंत्रक म्हणतात. दिवा किती वॅट वीज घेतो, व्होल्टेज किती आहे आणि दिवा किती तास जळला, याची नोंद ही डबी ठरावीक वेळाने रेडिओलहरींवरून जवळच्या गेटवेला (अनेक दिव्यांच्या नोंदी गोळा करून पुढे पाठवणाऱ्या यंत्राला) आणि तेथून सर्व्हरला पाठवते. नव्वद वॅटचा दिवा नव्वद वॅट घेत असेल, तर तो सुरू आहे असे धरले जाते. म्हणजे मोजली जाते ती वीज. जमिनीवर पडणारा उजेड यात कोठेच मोजला जात नाही. त्यातच जुन्या सोडियम दिव्याचा पिवळा उजेड चहूकडे सांडत असे, तर एलईडीच्या भिंगांमुळे तो गाडीरस्त्यावर नेमका पडतो आणि खांबामागे, पारंब्यांच्या आडोशाला, फारसा पोहोचत नाही.

रस्त्यावरील दिव्यांसाठीच्या आयएस १९४४ या भारतीय मानकात उजेडाच्या सरासरीबरोबर त्याचा सारखेपणाही पाहिला जातो. दुय्यम रस्त्यांवर, वर्दळीनुसार, सरासरी ८ किंवा ४ लक्स (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचे एकक) उजेड हवाच, शिवाय सर्वांत अंधाऱ्या जागीही तो सरासरीच्या ०.३ पटीहून कमी असू नये, अशी अपेक्षा असते. तेव्हा पुढच्या तक्रारीत ‘दिवा बंद आहे’ असे लिहू नये. दोन्ही खांबांचे क्रमांक, वेळ आणि अंधाऱ्या पट्ट्याचे छायाचित्र देऊन तेथे लक्समीटरने मोजणी करावी, अशी मागणी करावी. फांद्या छाटायच्या झाल्यास वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. माझ्या मते मात्र वडाला हात लावण्यापूर्वी पदपथाच्या बाजूने, फांद्यांच्या खाली, कमी उंचीवर एखादा छोटा दिवा बसवता येतो का, हे आधी पाहावे.

प्रश्न : मध्यरात्रीनंतर दिवे आपोआप मंद होतात. यातून खरोखर किती बचत होते? आणि रात्रपाळीहून परतणाऱ्या मुलींचे काय?

उत्तर : हिशेब सोपा आहे. नव्वद वॅटचा दिवा रात्री बारा ते पहाटे पाच निम्म्या शक्तीवर चालवला, तर एका रात्रीत २२५ वॅट-तास, म्हणजे पाव युनिटाहून थोडी कमी, आणि वर्षाला सुमारे ८२ युनिट वीज वाचते. हजार दिव्यांमागे हा आकडा ८२ हजारांवर जातो. ही बचत हवीच आहे, पण ती सरसकट सगळीकडून घेणे मला मान्य नाही. फीडर पिलरमधून, म्हणजे दिव्यांच्या अख्ख्या ओळीला वीज पुरवणाऱ्या रस्त्याकडेच्या पेटीतून, नियंत्रण होत असेल, तर त्यावरील सारी ओळ एकत्रच चालू किंवा बंद होते. प्रत्येक दिव्याला स्वतंत्र नियंत्रक असेल, तर मात्र बसथांबा, पादचारी पट्टा, रुग्णालयाची गल्ली, भुयारी मार्गाचे तोंड येथील दिवे रात्रभर पूर्ण तेजाने ठेवून बाकीचे मंद करता येतात. इतकी सोय हाताशी असताना मुलींच्या वाटेवरचा उजेड कमी करायला कोणतेही कारण उरत नाही. आपल्या बसथांब्याजवळचा दिवा मंद होत असल्यास, त्या एका दिव्याचे वेळापत्रक बदलून मागावे.

प्रश्न : इंटरनेट बंद पडले, तर शहर अंधारात जाईल का?

उत्तर : यंत्रणा नीट बसवलेली असल्यास नाही. वेळापत्रक नियंत्रकातच साठवलेले असते आणि त्याचे स्वतःचे घड्याळ असते, त्यामुळे संपर्क तुटला तरी दिवे ठरल्या वेळी लागतात. सूर्यास्ताची वेळ तो अक्षांश-रेखांशांवरून काढतो. पुण्यात नोव्हेंबरअखेर ती सहाच्या सुमारास, तर जुलैच्या सुरुवातीला सव्वासातच्या आसपास असते. मात्र आषाढातल्या एखाद्या संध्याकाळी ढग दाटून सव्वासहालाच अंधारून येते, आणि घड्याळाच्या लेखी अजून दिवसच असतो. अशा वेळेसाठी प्रकाश ओळखणारा सेन्सर जोडलेला हवा. आपल्या भागात तो आहे का, हे विचारून घ्यावे.