स्पायनल भुलीनंतरची डोकेदुखी सुईमुळे होते का? सिझेरियनच्या वेळी बारीक सुई मागून घ्यावी का?

हो, सुईमुळेच होते आणि योग्य सुई निवडली तर बरीचशी टळते. मी भूलतज्ज्ञ आहे. तरुण बायका आणि बाळंतिणींना या डोकेदुखीचा धोका जास्त, म्हणून तुम्ही हे आधीच विचारलंत ते फार बरं केलंत.

मज्जारज्जूभोवती पाण्यासारखा द्रव असतो आणि त्याच्या बाहेर ड्युरा हे चिवट आवरण. स्पायनल भूल देताना सुई हे आवरण भेदून द्रवात औषध सोडते. तिने पडलेलं छिद्र लवकर बुजलं नाही तर द्रव झिरपत राहतो. मग उठून बसलं की डोकं नि मान ठणकते, आडवं झालं की उतार पडतो. बहुतेकदा पहिल्या तीन दिवसांत हे सुरू होतं. 1898 मध्ये ही भूल प्रथम देणाऱ्या ऑगस्ट बिअर यांनी स्वतःवर प्रयोग केला, तेव्हा त्यांनाही हीच डोकेदुखी झाली होती.

सुईचा नंबर जितका मोठा तितकी ती बारीक. पण नुसती जाडी विचारून भागत नाही, टोक कसं आहे तेही विचारा. क्विंके सुईचं टोक तिरकं, धारदार असतं, ते ड्युराला चीर पाडतं. व्हिटेकर किंवा स्प्रॉट सुई पेन्सिलीसारखी निमुळती असते, औषध बाजूच्या छिद्रातून जातं आणि तंतू कापले न जाता बरेचसे बाजूला सरतात. पाठीत सुई घालण्याच्या शंभराहून अधिक चाचण्यांचा आढावा 2018 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात धारदार सुईने सुमारे 11 टक्के, तर पेन्सिल-टोकाच्या सुईने सुमारे 4 टक्के रुग्णांना डोकेदुखी झाली. फार बारीक सुई वाकते, पुन्हा पुन्हा टोचावं लागतं. म्हणून माझी पसंती 25 किंवा 27 नंबरच्या पेन्सिल-टोकाला. 'तशी सुई आहे का?' असं भूलतज्ज्ञांना बिनधास्त विचारा.

आणि चोवीस तास उशीशिवाय सपाट पडून राहण्याची सक्ती स्वतःवर करू नका. त्याने डोकेदुखी टळत नाही. बाळाला पाजायला बसावंसं वाटलं, पायात ताकद आली असेल, तर बसा.

तरीही दुखलंच तर पॅरासिटामॉल, पुरेसं पाणी, थोडी कॉफी. बहुतेकींचं आठवड्या-दोन आठवड्यांत थांबतं. बसणंच अशक्य झालं तर तुमचंच साधारण 20 मिली रक्त ड्युराबाहेरच्या जागेत सोडून गळती बंद करता येते. त्याला ब्लड पॅच म्हणतात. अनेकींना काही तासांत आराम पडतो, कधी तो दुसऱ्यांदा करावा लागतो.

मात्र ताप, झटके, दुहेरी दिसणं किंवा आडवं होऊनही न थांबणारी डोकेदुखी असेल तर घरी थांबू नका, लगेच रुग्णालय गाठा.