वाचक विचारतात : मशीहा येऊन गेला की अजून यायचाय?

नाताळच्या अंकात आपण येशूच्या जन्मकथेवर लिहिलं होतं, त्यात 'ज्यूंनी मात्र येशूला मशीहा मानलं नाही' असं एक वाक्य ओझरतं येऊन गेलं, आणि बाकी सगळा लेख राहिला बाजूला, पत्रं आली ती त्या एका वाक्यावरच. त्यातले काही प्रश्न यावेळी घेतोय.

प्रश्न : नमस्कार सर. आम्ही वसईचे कॅथलिक. लहानपणापासून ऐकत आलोय की जुन्या करारात येशूबद्दल सगळं आधीच लिहून ठेवलंय, बेथलेहेममधला जन्म, गाढवावर बसून येणं, दुःख सोसणारा सेवक. ज्यू लोकंही तीच पुस्तकं वाचतात ना? मग त्यांना हे दिसत कसं नाही? (एक वाचक भगिनी, वसई)

उत्तर : ताई, दिसत नाही असं नाही हो, वचनं तीच आहेत, पण मशीहाने येऊन करायचं काय याबद्दलच दोघांचं पटत नाही. मशीहा म्हणजे तेल ओतून अभिषेक केलेला, राजा किंवा याजक. शमुवेल संदेष्ट्याने आधी शौलाला अभिषेक केला, मग दावीदाला. यशयाच्या ४५व्या अध्यायात तर इराणचा राजा कोरेश, जो ज्यू पण नव्हता, त्यालाही देवाचा अभिषिक्त म्हटलंय, कारण बाबेलात अडकलेल्या ज्यूंना परत जायची वाट त्याच्यामुळे मोकळी झाली. देवाचा पुत्र, पापांची क्षमा वगैरे काही त्यात नाही. पुढे दावीदाची गादी गेली, एकामागून एक परके राज्य करायला लागले आणि दावीदाच्या घराण्यातला एक राजा येईल नि सगळं पुन्हा जाग्यावर आणेल ही आशा वाढत गेली. येशूच्या काळातही तिचा एकच साचा नव्हता बरं का, मृत समुद्राजवळ कुमरानला जी हस्तलिखितं सापडली त्यात दोन मशीहांची वाट बघणारे लोक दिसतात, एक याजक आणि एक राजा.

१२व्या शतकात कैरोत राहणाऱ्या मोझेस मायमोनिडीस या वैद्याने आणि धर्मपंडिताने या सगळ्याच्या चक्क अटीच लिहून ठेवल्या, नोकरीच्या जाहिरातीत असतात तशा. माणूस दावीदाच्या वंशातला हवा, त्याने धर्मशास्त्र पाळायला लावलं पाहिजे, यरुशलेमचं मंदिर पुन्हा बांधलं पाहिजे, जगभर विखुरलेल्या इस्रायलला गोळा केलं पाहिजे. चमत्कार करून दाखवायची गरज नाही असंही तो स्पष्ट म्हणतो. आणि यातलं काम पुरं व्हायच्या आत तो मारला गेला तर? तर तो नव्हता, विषय संपला. तो वाईट माणूस होता असं नाही, दावीदाच्या घराण्यातले बाकी भले राजे जसे मेले तसा हाही मेला एवढंच.

आता ख्रिस्ती बाजू. लूकच्या शुभवर्तमानाचा २४वा अध्याय काढून बघा, अम्माऊसच्या वाटेवरची गोष्ट. येशूला क्रुसावर मारलंय, तिसरा दिवस आहे, दोन शिष्य तोंड पाडून चाललेत, एक अनोळखी माणूस सोबत चालायला लागतो नि विचारतो काय बोलताय, तर ते म्हणतात, इस्रायलची सुटका करणारा तोच असेल अशी आमची आशा होती. होती! म्हणजे या शिष्यांची अपेक्षा पण तीच होती जी कुठल्याही ज्यू माणसाची होती, आणि क्रुसावर ती संपली असंच त्यांना वाटत होतं. मग तो अनोळखी माणूस, जो येशूच असतो, मोशेपासून सुरुवात करून त्यांना सांगतो की मशीहाने दुःख सोसणं भागच होतं. ख्रिस्ती वाचन इथून सुरू होतं. आधी वचनं वाचली आणि मग माणूस ओळखला असं झालंच नाही, पुनरुत्थान झालं यावर आधी विश्वास बसला आणि मग मागे जाऊन सगळी जुनी पुस्तकं त्या उजेडात वाचली गेली. ज्याचा त्या तिसऱ्या दिवसावर विश्वासच नाही त्याला त्याच ओळीत ते कसं दिसणार.

यशयाचा ५३वा अध्याय घ्या. 'आमच्या अपराधांमुळे तो घायाळ झाला' हे तुम्ही शुभ शुक्रवारी ऐकता. ११व्या शतकातला फ्रान्समधला ज्यू भाष्यकार राशी म्हणतो हा सेवक म्हणजे इस्रायल राष्ट्रच, आणि तो हवेत बोलत नाही, ४९व्या अध्यायात देव खरंच म्हणतो 'तू माझा सेवक, इस्रायल'. पण ज्यूंमध्येही सगळे राशीसारखंच वाचत होते असं नाही, जुन्या अरामी रूपांतरात या सेवकाला सरळ मशीहा म्हटलंय, फक्त दुःखाचा भाग उचलून दुसऱ्यांच्या अंगावर टाकलाय. म्हणून मला वाटतं वचनांवर वचनं फेकून हा वाद कधी मिटला नाही नि मिटणारही नाही. प्रेषितांच्या कृत्यांमध्ये तो इथिओपियाचा अधिकारी रथात बसून नेमका हाच उतारा वाचत असतो आणि फिलिप्पाला विचारतो, संदेष्टा हे स्वतःबद्दल बोलतोय की दुसऱ्या कुणाबद्दल? प्रश्न रास्तच होता त्याचा.

प्रश्न : येशू सोडून ज्यूंनी आणखी कुणाला मशीहा मानलं होतं का? की ते कुणालाच मानत नाहीत? (एक वाचक, पुणे)

उत्तर : मानलं की, आणि फार महागात पडलं.

सगळ्यात मोठं नाव बार कोखबा. इ.स. १३२ मध्ये त्याने रोमविरुद्ध बंड केलं, स्वतःची नाणी पाडली, आणि रब्बी (ज्यू धर्मगुरू) अकिवासारख्या त्या काळच्या सर्वात मोठ्या पंडिताने हाच मशीहा राजा असं जाहीर केलं. त्यावर योहानान बेन तोर्ता नावाचा दुसरा रब्बी काय म्हणाला ते तालमूदमध्ये, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या जुन्या ग्रंथात, आहे : अकिवा, तुझ्या गालांवर गवत उगवेल तरी दावीदाचा पुत्र आलेला नसेल. १३५ मध्ये बेतारच्या किल्ल्यात बंड चिरडलं गेलं, यरुशलेममध्ये पाऊल ठेवायची ज्यूंना बंदी झाली. जस्टिन नावाचा त्याच काळातला ख्रिस्ती लेखक सांगतो की जे ख्रिस्ती येशूला नाकारायला तयार नव्हते त्यांना बार कोखबाने कडक शिक्षा केल्या. ते तरी दुसऱ्या मशीहाच्या झेंड्याखाली कसे जाणार. १९६०च्या सुमाराला यहूदियाच्या वाळवंटातल्या एका गुहेत त्याची पत्रं सापडली, आणि एका पत्रात हा सेनापती ऐन युद्धात सणासाठी खजुराच्या फांद्या नि लिंबूवर्गातलं एक फळ मागवतोय, मंडपाच्या सणाला लागतात ते. मला त्या पत्राचं फार अप्रूप वाटतं.

मग १७व्या शतकात इझमीरचा शब्बताई झ्वी. १६६५ मध्ये गाझाच्या नाथानने त्याला मशीहा जाहीर केलं आणि येमेनपासून अ‍ॅमस्टरडॅमपर्यंत लोकांना वेड लागलं. हॅम्बर्गच्या ग्लिकल नावाच्या ज्यू व्यापारी बाईने आठवणींत लिहून ठेवलंय की तिच्या सासऱ्यांनी पिंपं भरून पाठवली, त्यात कपडे, वाटाणे, सुकं मांस असा टिकेल तो शिधा, कारण आता कधीही पवित्र भूमीकडे निघायचं. पिंपं तशीच पडून राहिली. १६६६ मध्ये सुलतान चौथ्या मेहमेदसमोर उभं केल्यावर शब्बताईने पगडी बांधली आणि मुसलमान झाला, आणि गंमत म्हणजे तरीही काही अनुयायी म्हणत राहिले की यात पण काहीतरी गुपित आहे.

अगदी आपल्या काळातलं उदाहरण पाहिजे तर ब्रुकलिनचे रब्बी मेनाखेम मेंडेल श्नीअर्सन, खबाद पंथाचे प्रमुख, १९९४ मध्ये वारले. मुंबईत कुलाब्याचं नरिमन हाऊस याच पंथाचं. त्यांच्या अनुयायांपैकी काही आजही म्हणतात की रब्बी हेच मशीहा आणि ते परत प्रकट होतील, आणि बाकीचे ज्यू यावर चिडतात, कारण मेलेला माणूस परत येऊन उरलेलं काम पुरं करेल हे तर ख्रिस्ती लोकांचं म्हणणं झालं! मायमोनिडीसच्या अटींचा खरा कस इथे लागतो.

आणि हो, सगळेच ज्यू आता एका माणसाची वाट बघत नाहीत. रिफॉर्म म्हणजे सुधारणावादी पंथाच्या रब्बींनी १८८५ मध्ये पिट्सबर्गला ठरावच केला की आम्हाला न्यायाचं, शांततेचं युग हवंय, पॅलेस्टाईनला परत जाण्याची आमची अपेक्षा नाही.

प्रश्न : अलिबागला आमच्या शेजारी बेने इस्रायली (कोकणातले ज्यू) कुटुंब होतं, पुढे ते इस्रायलला गेले. त्यांच्याकडे मलिद्याला आम्हाला बोलावणं असायचं, तेव्हा एलियाहू हन्नाबीचं नाव घ्यायचे. तो त्यांचा मशीहा का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : नाही, पण मशीहाशी त्याचा जवळचा संबंध आहे. एलियाहू हन्नाबी म्हणजे मराठी बायबलमधला एलीया संदेष्टा. तो मेलाच नाही, अग्नीच्या रथातून वर गेला अशी कथा आहे, आणि मलाखीच्या पुस्तकात लिहिलंय की परमेश्वराचा मोठा दिवस यायच्या आधी एलीया येईल. म्हणजे वर्दी देणारा तो. म्हणून युरोपातल्या ज्यू घरांत वल्हांडणाच्या रात्री त्याच्यासाठी द्राक्षारसाचा एक जादा पेला भरून ठेवतात नि दार उघडतात. आपल्या कोकणातल्या बेने इस्रायलींनी त्याला घरचाच करून घेतला, गोड पोहे, ओलं खोबरं, फळं असा मलिदा मांडून नवस फेडायचा, लग्नकार्य, नवीन घर काही असो त्याचं नाव आधी. अलिबागजवळच्या खंडाळ्याला (घाटातलं नाही, हे वेगळं) खडकावर त्याच्या रथाच्या खुणा आहेत अशी श्रद्धा आहे.

ख्रिस्ती लोकांना पण एलीया लागतोच. मत्तयाच्या ११व्या अध्यायात येशू बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाबद्दल म्हणतो, मान्य करायचं असेल तर येणारा एलीया हाच. आणि त्याच अध्यायात आधी काय आहे बघा, हा योहान तुरुंगात पडलाय आणि तिथून निरोप पाठवून विचारतो, जो येणार तो तूच की आम्ही दुसऱ्याची वाट बघायची? वर्दी द्यायला आलेल्यालाच शंका. येशू हो किंवा नाही म्हणत नाही, म्हणतो आंधळे बघतायत, पांगळे चालतायत, गरिबांना सुवार्ता मिळतेय, जा जाऊन सांगा त्याला. म्हणजे खूण दिली ती माणसं बरी होण्याची, राजसत्ता हातात येण्याची नाही. वसईच्या ताईंनी हे पण वाचावं.

तालमूदमध्ये याला जोड शोभेल अशी गोष्ट आहे. रब्बी यहोशुआ बेन लेवीला एलीया भेटतो. रब्बी विचारतो मशीहा कधी येणार, एलीया म्हणतो जाऊन त्यालाच विचार, रोमच्या वेशीपाशी बसलाय, रोगी भिकाऱ्यांमध्ये. ओळखायचा कसा? तर बाकीचे सगळ्या जखमांच्या पट्ट्या एकदम सोडतात नि एकदम बांधतात, हा एकेक पट्टी सोडतो, बांधतो, मग दुसरी, कारण अचानक बोलावणं आलं तर उशीर नको व्हायला. रब्बी जातो, विचारतो स्वामी कधी येणार, तो म्हणतो आज. आज काही येत नाही. रब्बी परत येऊन तक्रार करतो, खोटं बोलला माझ्याशी! एलीया म्हणतो, अरे तो स्तोत्रातलं वाक्य सांगत होता, 'आज, जर तुम्ही त्याची वाणी ऐकाल तर'.

प्रश्न : आज चर्च काय म्हणतं, ज्यू लोकं चुकले असंच ना? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : पूर्वी तसंच म्हणायचे आणि नुसतं म्हणून थांबायचे नाहीत. १२६३ मध्ये बार्सिलोनाला राजा पहिला जेम्स याच्यासमोर वाद ठेवला होता, एका बाजूला ज्यूचा ख्रिस्ती झालेला पाब्लो ख्रिस्तियानी, दुसऱ्या बाजूला रब्बी नाखमानिडीस, विषय हाच, मशीहा आला की नाही. नाखमानिडीसने विचारलं, संदेष्टे म्हणतात मशीहाच्या काळात तलवारी मोडून नांगराचे फाळ करतील, आणि येशूपासून आजपर्यंत जग मारामारीने भरलंय, आणि राजेसाहेब, युद्ध शिकायचंच नाही असं झालं तर तुमचं नि तुमच्या सरदारांचं किती अवघड होईल! ही त्याने स्वतः लिहिलेली हकीकत, चर्चच्या लॅटिन नोंदीत तो हरला असंच आहे. राजाने त्याला ३०० नाणी दिली म्हणतात, पण पुढे देश सोडावाच लागला. त्याच्या आक्षेपाला ख्रिस्ती उत्तर ठरलेलं आहे : पहिलं येणं क्रुसासाठी, दुसरं न्यायासाठी, उरलेलं सगळं तेव्हा. विश्वास असेल तर हे उत्तर पुरतं, नसेल तर ती पळवाट वाटते, मध्यम काही नाही.

कॅथलिक चर्चने १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत जाहीर केलं की येशूच्या मृत्यूचा दोष तेव्हाच्या सरसकट सगळ्या ज्यूंवर किंवा आजच्या ज्यूंवर टाकता येणार नाही. २००१ मध्ये पोपच्या बायबल आयोगाने आणखी पुढे जाऊन लिहिलं की ज्यूंचं मशीहाची वाट बघणं व्यर्थ नाही. अर्थात येणारा येशूच असेल हा आपला दावा चर्चने सोडलेला नाही, तो सोडेल कसा.

प्रश्न : येशूला मशीहा मानणारा ज्यू, ज्यू राहतो का? (एक वाचक, मुंबई)

उत्तर : सुरुवातीला तर सगळे तेच होते, पेत्र, योहान, पौल सगळे ज्यूच. आज इस्रायलमध्ये उत्तर कोर्टाने दिलंय. जन्माने ज्यू असून कार्मेलाइट या कॅथलिक संघात संन्यासी झालेल्या ब्रदर डॅनियलने परतीच्या कायद्याखाली (ज्यूंना इस्रायलमध्ये येऊन नागरिक होण्याचा हक्क देणारा कायदा) ज्यू म्हणून नोंद मागितली, १९६२ मध्ये सुप्रीम कोर्टाने नाही म्हटलं, मग त्याने साध्या अर्जाने नागरिकत्व घेतलं आणि हैफात राहिला. १९८९ मध्ये स्वतःला मेसिॲनिक ज्यू, म्हणजे येशूला मशीहा मानणारे ज्यू, म्हणवणाऱ्या एका जोडप्यालाही कोर्टाने तेच सांगितलं. देव न मानणारा ज्यू मात्र त्या कायद्यात बसतो, ही गोष्ट ब्रदर डॅनियलच्या वकिलांनाही विचित्र वाटली असणार.