गुरगुरतोय तोवर बरं आहे

ताई, तुमचा कुत्रा रॉकी गेल्या दोन महिन्यांपासून जेवताना गुरगुरतो, काय करावं, असं तुम्ही विचारलंय. पण त्या लिहिण्यातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही घाईत लिहून पुढे गेलात. रॉकी जेवत असताना लेक जवळून गेला, रॉकी गुरगुरला आणि त्याच्या हाताशी हवेतच जबडा वाजला. ओरखडाही नाही. अडीच वर्षांच्या लॅब्राडॉरचा नेम एवढा चुकत नाही हो. त्याला दात लावायचे असते तर लागले असते. इयन डनबार नावाच्या पशुवैद्याने कुत्र्यांच्या चाव्यांच्या सहा पायऱ्या ठरवल्यात, त्यात दात न टेकता मारलेली झडप पहिली येते. चौथीपासून सुळा खोल रुततो आणि मामला गंभीर होतो. तुम्ही पहिल्या पायरीवर आहात. घाबरण्यासारखं आहेच, घरात सात वर्षांचं पोर आहे. पण हातात वेळ आहे.

तुम्हाला आतापर्यंत तीन सल्ले मिळालेत. सासरे म्हणतात दोन रट्टे द्या. ट्रेनर म्हणतो, तो खात असताना मुद्दाम भांड्यात हात घाला आणि गुरगुरला की उताणा पाडून दाबून धरा, म्हणजे घरात मोठं कोण ते त्याला कळेल. आणि जाऊबाई म्हणतात कुणाच्या तरी शेतावर देऊन टाका. तिन्ही नकोत. त्यातला दुसरा मी स्वतः करून बसलेय, म्हणून तेच आधी सांगते.

आमचा पहिला कुत्रा भैरू, गावठी. नाशिकला बाजारात पोत्याखाली सापडला तेव्हा जेमतेम महिन्याचा असेल. एवढ्या लवकर आईपासून तुटलेल्या पिल्लाला भावंडांशी मस्ती करताना किती जोरात चावायचं, कुठे थांबायचं, हे शिकायला मिळत नाही. (पिल्लू आठ आठवड्यांचं होईतो विकू नये असा २०१७ पासून आपल्याकडे नियम आहे. तरी महिन्याची पिल्लं सर्रास विकली जातात.) भैरू हाडावरून गुरगुरायचा. जाड साखळी घेऊन एक ट्रेनर यायचे, त्यांनी हाच उताणा पाडायचा मंत्र दिला. आम्ही इमानेइतबारे केला. तीन आठवड्यांत गुरगुरणं बंद. आम्ही खूश, ट्रेनरना वर पेढे.

पाचव्या महिन्यात माझ्या मावशी आल्या होत्या. पोळीचा तुकडा खाली पडला, तो उचलायला त्या वाकल्या आणि भैरूने मनगट धरलं. आवाज नाही, इशारा नाही. सगळं घर म्हणालं, "अचानक चावला." मीही तेच म्हणत होते. नंतर त्याच आठवड्यातलं वाढदिवसाचं चित्रीकरण बघताना लक्षात आलं. मागे कोपऱ्यात भैरू खातोय, कुणीतरी जवळून जातंय, आणि त्याचं तोंड चालायचं थांबतं, मान भांड्यावर झुकते, डोळ्याचा पांढरा भाग दिसतो. तो सांगतच होता. आम्हाला ऐकू येईल असा एकच आवाज होता, तो आम्ही मारून बंद केला होता. कुकरची शिट्टी काढून ठेवली म्हणून आतली वाफ कमी होत नाही.

म्हणून म्हणते, रॉकी गुरगुरतोय हे चांगलं लक्षण आहे. गुरगुरला की रागवायचं नाही, लाडही करायचे नाहीत. शांतपणे मागे सरकायचं आणि आपण कुठे चुकलो ते मनात टिपायचं. "असं केलं तर तो डोक्यावर बसेल" हे सासरे म्हणतील. कळपाचा म्होरक्या, वचक वगैरे कल्पना कुठून आली? एकमेकांना अनोळखी लांडगे एकत्र कोंडून केलेल्या जुन्या निरीक्षणांवरून. ती कल्पना १९७० मध्ये आपल्या पुस्तकातून लोकप्रिय करणारे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच (Mech) यांनीच १९९९ मध्ये लिहिलं की रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे बहुतेकदा आईबाप आणि त्यांची पोरं, मारामारी करून पद मिळवायचा प्रकार तिथे नसतो. शिवाय २००९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पशुवैद्यांनी वर्तनाच्या तक्रारी घेऊन आलेल्या मालकांना विचारलं होतं, तुम्ही काय काय करून पाहिलं आणि त्यावर कुत्रा काय करतो. ज्यांनी मारलं किंवा लाथ घातली त्यांच्यापैकी ४३ टक्क्यांचे कुत्रे उलट अंगावर आले. उताणा पाडणाऱ्यांत हे प्रमाण ३१ टक्के. सासऱ्यांना आकडे आवडत असतील तर हे दाखवा.

रॉकीला राज्य करायचं नाहीये. त्याला भीती आहे की जेवण जाईल. आणि तुम्हीच लिहिलंय की लहानपणी "सवय व्हावी" म्हणून त्याचं भांडं मध्येच काढून घ्यायचात. म्हणजे त्याची भीती खोटी नाही. त्यात लॅब्राडॉरची भूक! केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ मध्ये साधारण दर चार लॅब्राडॉरांमागे एकात असा जनुकीय दोष सापडला, ज्यामुळे पोट भरल्याची जाणीव नीट होत नाही. तुम्ही त्याला हावरट म्हणता, तो बिचारा खरोखरच उपाशी वाटून घेत असेल.

काहीही शिकवायच्या आधी डॉक्टर. हे टाळू नका. दोन वर्षं बरा असलेला कुत्रा दोन महिन्यांत बदलला असं तुम्ही म्हणता, आणि ते दोन महिने पावसाळ्याचे होते. लोंबत्या कानांच्या कुत्र्यांना या दिवसांत कानाचा संसर्ग बऱ्याचदा होतो. कान, दात, मागचे खुबे, गोचीडताप, हे सगळं तपासून घ्या. आमच्या दुसऱ्या कुत्रीचं "तापट डोकं" कानाच्या औषधाने पंधरा दिवसांत उतरलं होतं. नसबंदीने मात्र ताटावरून गुरगुरणं जाईल अशी आशा ठेवू नका. भटकणं, दुसऱ्या नरांशी भांडणं कमी होऊ शकतं, ही गोष्ट वेगळी आहे.

आता ताटाचं. पहिले दोन आठवडे काहीही शिकवायचं नाही. रॉकीला बाल्कनीत किंवा आतल्या खोलीत वाढायचं, दार लावायचं, भांडं रिकामं झाल्यावर तो बाहेर आला की मगच भांडं उचलायचं. तो जेवताना कुणी आत जायचं नाही, फरशी पुसणाऱ्या मावशींनीसुद्धा नाही. लोकांना हे पळपुटेपणाचं वाटतं. पण रोज दोनदा घाबरणारा कुत्रा काही शिकत नसतो, आणि तुमच्याकडे गणपतीत पाहुणे, ढोल, शाळेतली मुलं, फिरणं कमी, असं एकावर एक साचत गेलेलं दिसतंय. तो घडा आधी रिकामा होऊ दे.

मग खरं काम. हे फक्त तुम्ही किंवा तुमच्या यजमानांनी करायचं. उकडलेल्या चिकनचे किंवा कलेजीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करून घ्या, मीठमसाला नको. भांड्यात त्याचं रोजचं साधं खाणं. तुम्ही दहा फुटांवरून चालत जायचं, जाताजाता एक तुकडा त्याच्या भांड्याच्या दिशेने टाकायचा आणि न थांबता निघून जायचं. बोलायचं नाही, टक लावून बघायचं नाही. एका जेवणात चार-पाच वेळा, बस. तो भांड्यावर ओणवा झाला, एकदम थिजला, किंवा भराभर गिळायला लागला की समजा तुम्ही फार जवळ आहात. भराभर गिळणं बहुतेकांच्या नजरेतून सुटतं, भूक लागली असेल असं वाटतं. दोन पावलं लांबून पुन्हा सुरू करा.

पुढे कधी सरकायचं ते कॅलेंडर नाही, रॉकी सांगेल. तुम्ही दिसलात की तो भांड्यातून तोंड वर काढून, शेपूट सैल हलवत, "आणलंत का?" अशा चेहऱ्याने बघायला लागला की अर्धा फूट जवळ. भैरूला दहा फुटांवरून भांड्याच्या काठापर्यंत यायला चार महिने लागले, आणि त्यात दोनदा मागे जावं लागलं. शेवटी मी भांडं उचलायचे, त्यात चिकन घालायचे आणि परत द्यायचे. हात येतो तो द्यायला येतो, एवढंच त्याला पटवायचं होतं. पण हे जमलं म्हणून रोज परीक्षा घेऊ नका. आपलं ताट कुणी रोज उचलून बघितलं तर आपणही वैतागू.

पळवलेला मोजा किंवा खेळणं ओढून घ्यायचं नाही. साध्या खेळण्यावर अदलाबदल शिकवा: नाकाशी खाऊ धरा, त्याने तोंडातलं टाकलं की "सोड" म्हणा, खाऊ द्या आणि खेळणं परत त्यालाच द्या. परत देणं विसरू नका, सगळं गणित तिथेच आहे.

लेकाबद्दल मी कडक आहे. मूल आणि कुत्रा एका खोलीत, तर मोठं माणूस त्याच खोलीत आणि हातात मोबाईल नाही. तसं शक्य नसेल तेव्हा मध्ये दाराचं छोटं फाटक. सात वर्षांच्या मुलाला "रॉकी खातोय, झोपलाय किंवा टेबलाखाली आहे तर जायचं नाही" एवढं शिकवता येतं, पण ते पाळलं जाण्याची जबाबदारी मुलावर टाकता येत नाही. मिठी मारणंही बंद. कुत्रा अवघडून जिभल्या चाटतोय, जांभई देतोय, मान वळवतोय, आणि आपण म्हणतो किती गोड फोटो.

मुसकं आणून ठेवा, जाळीचं, ज्यातून त्याला धापा टाकता येतील आणि पाणी पिता येईल. मळणीला बैलाला घालतात, त्यात कुणाला बैलाचा अपमान वाटत नाही. आत खाऊ ठेवून त्याला स्वतःहून तोंड घालू द्या, आठवडाभर मुसक्याचा पट्टा बांधूच नका. डॉक्टरकडे, पाहुण्यांत उपयोगी पडतं. जेवणावर उपाय म्हणून नाही.

तरीही कधी दात लागले आणि कातडी फाटली, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, हळद-चुना काही नको, आणि रॉकीची रेबीजची लस झालेली असली तरी त्याच दिवशी माणसांचा डॉक्टर गाठा.

ट्रेनर बदला. नव्याला एकच विचारा: "कुत्रा चुकला तर तुम्ही काय करता?" उत्तरात काटेरी पट्टा, शॉकचा पट्टा, गळफास साखळी किंवा "महिनाभर आमच्याकडे सोडा" आलं तर चहा पाजून रवाना करा.

शेतावर देण्याबद्दल: मी अशी दिलेली कुत्री पाहिलीत. बहुतेक दिवसभर साखळीला असतात आणि तिथे राखणदाराची पोरं असतात, ज्यांना हा गुरगुरतो हे कुणी सांगितलेलं नसतं. आणि कुठे नेऊन सोडून देणं तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. सगळं करूनही तो मुलाजवळ सुरक्षित वाटला नाही, तर मोठ्या माणसांचं घर शोधायचं, सगळं खरं सांगून. पण तो विषय आजचा नाही.

आधी कान दाखवून या आणि डॉक्टर काय म्हणाले ते लिहा. शक्य असेल तर तो जेवतानाचा एक व्हिडिओ काढून पाठवा, दाराच्या फटीतून. जवळ जाऊन नको.